नागरिकत्वाच्या खुलाशात ‘शक्यता आहे’ नको

२२ डिसेंबर २०१९, रविवार. आमच्या मोहल्ल्यातल्या एका शिकवणीच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो होतो. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा मित्र, अंगणवाडीत काम करणाऱ्या एक आपा आणि मी. दोनच दिवसांपूर्वी केंद्र सरकारने नागरिकत्व सुधारणा कायदा आणि एनआरसी यांच्याबद्दल प्रश्नोत्तरांचा खुलासा काढला होता. तो सोप्या मराठीत आणून, एका पानावर बसवून शुक्रवारी वाटायचा, एवढंच काम होतं. मी लॅपटॉप उघडला तेव्हा मला वाटलं, तासाभरात संपेल.

एका शब्दावर आमचं घोडं अडलं. खुलाशात लिहिलं होतं की जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांच्याशी संबंधित कोणताही कागद देऊन नागरिकत्व सिद्ध करता येईल. पुढच्याच वाक्यात म्हटलं होतं की कोणते कागद स्वीकारायचे याचा निर्णय अजून व्हायचा आहे. आणि त्यापुढे, या यादीत मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, आधार, लायसन्स, विम्याचे कागद, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीची किंवा घराची कागदपत्रं असण्याची ‘शक्यता आहे’.

मित्र म्हणाला, “‘चालेल’ लिही ना, लोकांना धीर येईल.” वकिलीवाली मुलगी म्हणाली, “‘चालेल’ असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.” सर म्हणाले, “‘शक्यता आहे’ लिहिलं तर लोक विचारणार, म्हणजे नक्की काय?” आपा इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “मी घरोघरी जाते. बायका मला विचारणार, आधार चालेल का? हो सांगू की नाही सांगू?”

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. खुलासा काढणाऱ्यांकडेही नव्हतं, म्हणून तर ‘शक्यता आहे’ लिहावं लागलं. त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं होत गेलंय, ते इथे मांडतो. नागरिकत्वासारख्या विषयावर सरकार जो खुलासा करतं, त्याचा शब्दन् शब्द आधी ठरलेला, तपासलेला आणि सरकारवर बंधनकारक असला पाहिजे. तो ठरवताना ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे ती माणसं टेबलावर असली पाहिजेत. आणि ही मागणी इतर कुणाहीआधी आपण तरुण मुस्लिमांनी लावून धरली पाहिजे, घोषणा म्हणून नाही, कामाची यादी म्हणून.

आधी माझ्याच घराचं उदाहरण देतो, कारण कायदा काय म्हणतो आणि खुलासा काय म्हणतो यांतलं अंतर तिथे स्वच्छ दिसतं.

माझी अम्मी १९६२ ची. मी १९८९ चा. माझी मुलगी २०१८ ची. तिघांचाही जन्म महाराष्ट्रातला. पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे आम्ही तिघं तीन वेगळ्या खणांत बसतो. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्माने नागरिक, आईबाप कोण हे बघायचं नाही. अम्मी त्या खणात. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा वडील यांपैकी एक जण त्याच्या जन्माच्या वेळी भारताचा नागरिक असला पाहिजे. मी त्या खणात. आणि ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी आईवडील दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ नसलेला हवा. माझी मुलगी त्या खणात. (परदेशी राजदूतांची मुलं वगैरे अपवाद बाजूला ठेवू.)

म्हणजे माझ्या मुलीकडे नगरपालिकेचा चकचकीत जन्मदाखला आहे, पण कायद्याच्या भाषेत तो एकटा पुरेसा नाही. तिच्यासाठी मी आणि माझी बायको नागरिक आहोत हे ठरावं लागतं. आमच्यासाठी आमच्या आईवडिलांपैकी कुणीतरी. साखळी शेवटी अम्मीपर्यंत जाते. आणि अम्मीचे कागद बघा: शाळेच्या दाखल्यावर ‘शैनाज’, रेशनकार्डावर ‘शहनाजबी’, आधारवर ‘शेहनाज’. जन्मतारीख १ जून. ही तारीख वाचून तुम्ही हसला असाल, कारण तुमच्याही घरात १ जूनला जन्मलेलं कुणीतरी असेलच. जून महिन्यात शाळा सुरू व्हायची, मास्तर अंदाजाने वय लावायचे आणि तारीख टाकून द्यायचे. ही केवळ मुसलमानांची गोष्ट नाही, अर्ध्या महाराष्ट्राची आहे.

आता खुलासा परत वाचा. त्यात म्हटलं होतं की जन्माचा तपशील पुरेसा आहे, आईवडिलांचा कोणताही कागद देण्याची सक्ती नाही. ऐकायला दिलासा देणारं वाक्य आहे. पण माझ्या आणि माझ्या मुलीच्या खणात कायदा थेट आईवडिलांबद्दल विचारतो. मग ही सक्ती नाही म्हणजे काय? आईवडिलांचं नागरिकत्व गृहीत धरलं जाणार का? कोण धरणार, कोणत्या नियमाने? त्याचं उत्तर खुलाशात नव्हतं. लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं असा माझा आरोप नाही. दिलासा देण्याच्या घाईत कायद्याशी पडताळणी राहून गेली, असं मी म्हणतो.

मी ज्या धंद्यात आहे तिथे ही चूक रोजची आहे. सॉफ्टवेअर एक करतं आणि मदतीचं पान दुसरंच सांगतं. ग्राहक पान वाचून बटण दाबतो आणि त्याचा डेटा उडतो. मग तो पानाचा फोटो पाठवतो आणि म्हणतो, तुम्हीच लिहिलं होतं. आम्ही माफी मागतो, पान दुरुस्त करतो, बदलाची तारीख टाकतो. पण पान काहीही म्हणो, मशीन चालतं ते कोडवरच.

कायद्याचंही तसंच आहे. अधिकाऱ्यासमोर आणि न्यायालयात कायदा आणि नियम चालतात. पत्र सूचना कार्यालयाचा खुलासा दाखवून “तुम्हीच सांगितलं होतं” असं म्हणता येईल, पण तेवढ्याने केस जिंकता येणार नाही. फरक इतकाच की आमचा ग्राहक पैसे परत मागू शकतो. इथे परत मागायचं काय?

कुणी म्हणेल, खुलासा म्हणजे फक्त माहिती, तो बंधनकारक कसा असणार? आपल्याच देशात आयकर खात्यात हे होतं. आयकर कायद्याखाली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ जी परिपत्रकं काढतं, ती खात्याच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतात. परिपत्रक करदात्याच्या बाजूचं असेल तर अधिकाऱ्याला सहसा त्याच्या उलट भूमिका घेता येत नाही. म्हणजे माझ्या कापल्या गेलेल्या टीडीएसबद्दल सरकार जे लिहून देतं त्याला धरून राहतं, पण माझ्या नागरिकत्वाबद्दल जे लिहितं त्याला धरून राहण्याची जबाबदारी कुणावरच नाही. पगाराच्या दोन-चार हजारांना जे संरक्षण आहे, ते माणसाच्या असण्याला का नाही?

आपांच्या प्रश्नाकडे परत येऊ. आधार चालेल का? आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये २०१६ पासून स्पष्ट लिहिलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. तरी डिसेंबर २०१९ च्या खुलाशात शक्यतांच्या यादीत आधार होतं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका प्रकरणात जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बिहारच्या मतदार यादीच्या फेरतपासणीत सर्वोच्च न्यायालयाने आधार हा बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितलं, पण ओळखीपुरता, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही. २०१९ मध्ये ‘शक्यता आहे’ वाचून जी आपा घरोघरी “हो, आधार चालेल” सांगून आली असती, तिचं तोंड आज काय झालं असतं?

हे सगळं दिल्लीच्या कागदांपुरतं राहत नाही. शब्दांचा हिशोब चुकला की काय होतं, हे आसामने पाहिलंय.

आसाममध्ये २०१० साली बारपेटा आणि छयगाव या दोन ठिकाणी एनआरसीचं पथदर्शी काम सुरू झालं. अर्जाच्या पद्धतीवरून बारपेट्यात आंदोलन पेटलं, जुलैमध्ये पोलीस गोळीबारात चार जण मेले आणि काम थांबलं. त्यानंतर राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने विद्यार्थी संघटनांशी, अल्पसंख्याकांच्या संघटनांशी चर्चा करून कार्यपद्धती नव्याने ठरवली. २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीआधीचे कोणते कागद चालतील आणि पूर्वजांशी नातं दाखवायला कोणते चालतील, याच्या दोन याद्या झाल्या. म्हणजे बसून शब्द ठरवणं अशक्य नसतं. फक्त ते चार जीव जाण्याच्या आधी व्हायला हवं होतं.

पण जे शब्द नीट ठरले नाहीत, त्यांनीही किंमत वसूल केली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांकडे वडिलांशी नातं दाखवणारा कागद नसायचा, म्हणून ग्रामपंचायत सचिवाचा दाखला यादीत धरला होता. सुमारे ४८ लाख अर्ज त्या दाखल्यावर उभे होते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो दाखला अमान्य केला. ५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा ग्राह्य धरला, पण फक्त नातं जोडणारा कागद म्हणून आणि पडताळणीच्या अटीवर. मधले नऊ महिने त्या बायकांनी कसे काढले असतील? त्यांची चूक एवढीच की सरकारने चालेल म्हटलेला कागद त्यांनी दिला होता. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली तेव्हा १९,०६,६५७ माणसं बाहेर होती, वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या भाषांची.

आसामची पद्धत वेगळी होती, बाकी देशाला ती लागू नाही, हे खरं आहे. पण बाकी देशासाठी २००३ सालचे नियम आहेत. त्यांच्या नियम ४ मध्ये म्हटलंय की पडताळणीत ज्यांचं नागरिकत्व ‘संशयास्पद’ वाटेल त्यांच्या नावापुढे तसा शेरा मारून पुढची चौकशी करावी. संशयास्पद म्हणजे काय, याची व्याख्या नियमांत नाही. नाव वेगळं लिहिलं म्हणून? भाषा वेगळी म्हणून? घर मोहल्ल्यात आहे म्हणून? माझ्या धंद्यात अशी अट लिहिलेला प्रोग्राम मी पुढे जाऊ देणार नाही, कारण निकाल बसणाऱ्याच्या मनावर ठरणार. शिवाय परदेशी असल्याचा आरोप झाला की आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच असते. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यातली ही तरतूद १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे.

जुलै २०२४ मध्ये आसाममधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर महत्त्वाचं सांगितलं. हाताशी काही ठोस आधार असल्याशिवाय कुणावरही परदेशी असल्याचा ठपका ठेवता येत नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधले किंवा तारखांमधले किरकोळ फरक हे कारण होऊ शकत नाही. ‘शैनाज’, ‘शहनाजबी’ आणि ‘शेहनाज’साठी यापेक्षा मोठा दिलासा नाही. हे वाक्य सरकारी खुलाशात पहिल्या पानावर, मराठीत, ठळक अक्षरांत असायला नको का?

आता महाराष्ट्राचं बघू. २०१९-२०च्या त्या हिवाळ्यात नगरपालिकांच्या जन्म-मृत्यू विभागांसमोर रांगा लागल्या, मालेगावातही लागल्या. लोकांना कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं की नेमका कोणता कागद लागणार, म्हणून जो मिळेल तो काढून ठेवू, असं चाललं होतं. एजंटांचं फावलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिरा नोंदवलेल्या जन्मांचे दाखले देणं थांबवलं आणि मालेगावातल्या दाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं. कुणी खोटी कागदपत्रं केली असतील तर कारवाई झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याने केवळ भीतीपोटी खरा दाखला उशिरा काढला, त्याची अवस्था आगीतून फुफाट्यात अशी झाली. आधी कागद नव्हता म्हणून भीती, मग कागद काढला म्हणून संशय. अस्पष्ट भाषेचं बिल शेवटी गरिबाच्या नावावर फाटतं.

इथे आपल्याही गिरेबानात डोकावलं पाहिजे. त्या रविवारच्या आठवडाभर आधी आमच्याच मोहल्ल्यात एक पत्रक फिरलं होतं, ते टाईप करायला मीच मदत केली होती. त्यात लिहिलं होतं की नव्या कायद्यामुळे मुसलमानांचं नागरिकत्व रद्द होणार. ते चूक होतं. २०१९ ची सुधारणा कुणाही भारतीयाचं असलेलं नागरिकत्व काढून घेत नाही. ती अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ या व्याख्येतून वगळते आणि त्यांच्यासाठी नागरिकत्वाची वाट छोटी करते. आक्षेप घ्यायला इथेच पुरेशी जागा आहे: धर्म पाहून वाट देणं हे समानतेत बसतं का, आणि पुढे कधी देशभर यादी झालीच तर कागद न सापडलेल्या दोन माणसांना धर्मावरून दोन वेगळे रस्ते मिळतील का? हे प्रश्न खरे आहेत. पण आम्ही ते विचारले नाहीत, आम्ही भीती छापली. आमच्या पत्रकावर ना तारीख होती, ना कलम, ना लिहिणाऱ्याचं नाव. सरकारच्या खुलाशाला जी नावं ठेवतो, ती सगळी आम्हालाही लागू होती.

म्हणून मी म्हणतो, सरकारचं “या कायद्याने कुणाचं नागरिकत्व जात नाही” हे वाक्य खरं आहे असं आपण मान्य करावं आणि मग विचारावं, पुढचं वाक्य कुठे आहे? ४ फेब्रुवारी २०२० रोजी सरकारने लोकसभेत लेखी उत्तर दिलं की राष्ट्रीय पातळीवर नागरिकांची नोंदवही तयार करण्याचा निर्णय अद्याप घेतलेला नाही. त्या उत्तरात सगळं वजन ‘अद्याप’ या शब्दावर आहे. सरकारी बाबू शब्द उगाच टाकत नाहीत. मग तेवढ्याच काळजीने त्यांनी बाकीचे शब्दही टाकावेत, एवढंच मागणं आहे.

मग खुलासा कसा असावा? माझ्या मते पाच गोष्टी हव्यात.

पहिली, तीन रकाने वेगळे ठेवा. कायदा काय म्हणतो, सरकारने काय ठरवलंय आणि अजून काय ठरायचंय. ‘शक्यता आहे’ हे तिसऱ्या रकान्यातलं वाक्य आहे, ते पहिल्यात घुसवू नका. आणि प्रत्येक वाक्यापुढे कलम किंवा नियमाचा क्रमांक द्या.

दुसरी, तारीख आणि आवृत्ती. १२ मार्च २०२४ रोजी, कायद्याचे नियम अधिसूचित झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, भारतीय मुस्लिमांवर काय परिणाम होईल याबद्दलची सरकारी प्रश्नोत्तरं प्रसिद्ध झाली आणि थोड्याच वेळात पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून काढून टाकली गेली. तोवर ती हजारो फोनांवर पोचली होती. त्यातलं काय मागे घेतलं आणि काय अजून खरं आहे? मागे घ्यायचं तर घ्या, पण ‘हे मागे घेतलं, या कारणाने’ अशी एक ओळ तिथे राहू द्या.

तिसरी, बंधन. खुलाशावर विसंबून एखाद्याने प्रामाणिकपणे कागद दिला, तर त्याचं नुकसान होणार नाही असा आदेश नियमांखाली काढा. आयकरात जमतं, इथेही जमेल.

चौथी, मराठी. भाषांतर म्हणजे हिंदीचं शेपूट बदलणं नाही. हिंदीत ‘अवैध प्रवासी’ म्हणतात. तेच मराठीत उतरवलं तर एसटीत विनातिकीट बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. उलट टोकाला आपली वर्तमानपत्रं आणि चॅनेल ‘घुसखोर’ लिहितात. कायद्यातल्या शब्दात आधी दोष ठरवलेला नसतो, ‘घुसखोर’ मध्ये तो ठरूनच येतो. तसंच ‘राष्ट्रीयत्व’ आणि ‘नागरिकत्व’. आपल्या शाळेच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो आणि मुख्याध्यापक त्यात ‘भारतीय’ लिहितात. अम्मीला वाटतं, सरकारी शाळेने लिहून दिलंय, मिटलं! तो रकाना नागरिकत्व सिद्ध करतो की नाही, हे एका ओळीत कुणी सांगितलेलं नाही. शब्दांची एक ठरलेली यादी हवी आणि ती अधिकारी, पत्रकार, आपण सगळ्यांनी पाळायला हवी.

पाचवी, टेबलावर कोण. केवळ मौलाना आणि पक्षाचे पुढारी बोलावून ‘समाजाशी चर्चा झाली’ म्हणू नका. अंगणवाडीतल्या आपा हव्यात. पालावर राहणारे भटके-विमुक्त हवेत, ज्यांच्या तीन पिढ्यांकडे दाखला नाही. ऊसतोडणीला जाणारं कुटुंब हवं, ज्याचं मूल कुठल्या तालुक्यात जन्मलं हे आठवावं लागतं. लग्नानंतर माहेरचं नाव पुसलं गेलेल्या बायका हव्यात, कोणत्याही धर्माच्या. मसुदा त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. आम्ही नवं ॲप असंच तपासतो. कायद्याचा खुलासा त्याहून कमी महत्त्वाचा आहे का?

हे मागायला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना सगळी संबंधित माहिती सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावी आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा. केंद्राच्या २०१४ च्या कायदेपूर्व सल्लामसलत धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याची आणि सोबत सोप्या भाषेत टिपण देण्याची अपेक्षा आहे. दरवाजा आहे, आपण तो वाजवलेला नाही.

माझे काही दोस्त म्हणतात, “शब्दांचा कीस पाडून काय होणार? प्रश्न नियतीचा आहे.” नियत महत्त्वाची आहेच. पण तहसील कचेरीतल्या खिडकीवर नियत दिसत नाही, कागद दिसतो. सरकार आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं. लिहिलेलं वाक्य मात्र फाईलमध्ये राहतं. दुसरे म्हणतात, “शब्दांवर चर्चा केली म्हणजे कायदा मान्य केला असा अर्थ होईल.” मला तसं वाटत नाही. कायदा घटनेत बसतो की नाही हा न्यायालयातला लढा आहे आणि तो लढलाच पाहिजे. पण तो चालू असताना खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या बाईला स्पष्ट उत्तर मिळू नये, असं त्या लढ्यातलं कोणतंही तत्त्व सांगत नाही.

जनगणना दारात आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पुन्हा अफवा उठतील. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. जनगणना १९४८ च्या जनगणना कायद्याखाली होते, तिथे दिलेली माहिती गोपनीय असते. लोकसंख्या नोंदवही हे वेगळं काम आहे, ते नागरिकत्वाच्या २००३ च्या नियमांखाली येतं. दारात आलेल्या माणसाला शांतपणे विचारा, हे कोणत्या कायद्याखाली आहे? आणि मोहल्ल्यात काही छापून वाटणार असाल तर त्यावर तारीख टाका, कलम लिहा, खाली नाव लिहा, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहा. सरकारकडे मागतो ते आधी आपण करून दाखवू.

त्या रविवारी आम्ही साडेतीन तासांनी उठलो. आधार, पासपोर्ट, दाखला अशी लांबलचक यादी आम्ही काढून टाकली आणि आपांच्या प्रश्नाला शेवटी दोन वाक्यांत उत्तर लिहिलं, त्यावर पाचही जणांचं एकमत झालं: ‘कोणते कागद चालतील हे सरकारने अजून ठरवलेलं नाही. ते ठरेपर्यंत कुणालाही पैसे देऊन नवा कागद काढू नका, असलेले कागद नीट सांभाळून ठेवा.’ शुक्रवारी ते वाटलं. काही जण नाराज झाले, त्यांना हो किंवा नाही हवं होतं. पण त्या पानातलं एकही वाक्य आजपर्यंत मागे घ्यावं लागलेलं नाही.

पाच साधी माणसं एका खोलीत बसून एवढं करू शकतात. सरकारकडे तर मंत्रालयं आहेत, वकील आहेत, भाषा संचालनालय आहे. आपांचा प्रश्न अजून तसाच आहे: हो सांगू की नाही सांगू? त्याचं उत्तर सरकारने, तारीख घालून, सही करून, मराठीत द्यावं.